वर्नाचा कोपरा

आमच्या तळ्यावर माणसाला बोटीत बोलावतात ते वजन बघून. त्यात कुणाला काही वाटत नाही. बोट जितकी जड, तितकी तिच्यामागे लाट मोठी उठते, आणि पायाला फळी बांधून, बोटीची दोरी धरून मागे येणाऱ्या पोरांना त्या लाटेवरूनच उडी घ्यायची असते. आमचे पाद्री मायरन चांगले तीनशे पौंडांचे. रविवारी प्रार्थना संपली की त्यांना जेवायला कुणी बोलवेल न बोलवेल, बोटीवर मात्र हाताला धरून नेतात. मला कुणी बोलवत नाही. "तू काय, टोपीसारखी. वेग धरला की उडून जाशील," असं शेजारचा रॉइस हचिन्स म्हणायचा. तरी त्याची बायको वर्ना मला न्यायचीच, कारण तिला बोलायला कुणीतरी लागायचं.

वर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. अंगाने भक्कम, लग्नाच्या फोटोतही भक्कम. बोटीतला डावा मागचा कोपरा तिचा. चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू हलकी पडते. रॉइसने उजव्या मागच्या कोपऱ्यात पाण्याची पिशवी ठेवली होती, गादीएवढी, पंपाने तळ्याचंच पाणी आत घ्यायची. दुसरी पिशवी पुढे, बोटीच्या नाकात; तिथे वजन नसलं तर लाट भिंतीसारखी उभी राहते आणि पोरांचे गुडघे जातात. डाव्या कोपऱ्यात पिशवी नव्हती. तिथे वर्ना होती.

"लोक पिशव्या विकत घेतात, मी लग्न केलं," असं रॉइस दर उन्हाळ्यात एकदा तरी म्हणायचा.

"आणि पिशवी सँडविच करून देत नाही, तेही सांग की," वर्ना म्हणायची, आणि मागे तोंड करून आपल्या पोरीवर, शेल्बीवर नजर ठेवून बसायची. पोरगी पडली की ओरडायचं, हे तिचं दुसरं काम.

त्या वर्षी मे महिन्यात ती माझ्या ओट्याशी उभी राहून उकडलेली अंडी सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे मला. पसरलाय. औषध घेतलं तर थोडे महिने वाढतील, तेही ओकण्यात जातील."

मी गॅस बंद केला.

"रॉइसला सांगायचं नाही. शेल्बीला तर नाहीच. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिची स्पर्धा आहे. या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. रॉइसला कळलं तर तो त्याच दिवशी बोट पाण्याबाहेर काढेल आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसेल. मला कुणी समोर खुर्ची टाकून बसायला नकोय गं. मीठ दे."

मी मीठ दिलं.

जूनमध्ये ती वजनाने उतरायला लागली. चर्चमधल्या बायका तिला गाठून विचारायच्या, काय खातेस, पाव सोडलास का? ती हसून सांगायची, "जीभ आवरली." रॉइस तर खूश. मित्रांसमोर तिच्या कमरेत हात घालून म्हणायचा, "बघा, बायको तरुण व्हायला लागलीय." घरातल्या माणसाला जे दिसलं नाही ते लाटेने दाखवलं. डावीकडची लाट फुटायला लागली.

"बाबा, डावीकडे नुसता फेस आहे!" शेल्बी पाण्यातून ओरडायची. "उडी कशावरून घेऊ, साबणावरून?"

रॉइस एसी दुरुस्त करणारा माणूस. बिघाड शोधल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्याने प्रॉपेलर काढून पाहिला, बॅटरी इकडची तिकडे केली, उजव्या पिशवीतलं पाणी कमी केलं. तेव्हा डावा फेस गेला, पण लाटच बसली. शेल्बीला उलटी कोलांटी घेऊन हवेतच पूर्ण फिरायचं होतं. ती पडत राहिली. एकदा हनुवटी फुटली.

"वर्ना, जरा खात जा बाई," रॉइस गमतीने म्हणाला. "लाट चालली माझी."

सगळे हसलो. वर्नाही हसली.

पुढच्या आठवड्यात लाट परत आली. डावीकडे स्वच्छ, काचेसारखी. रॉइसने बोटीवर थाप मारली. "प्रॉपेलरच होता! सांगत नव्हतो?" मी मात्र वर्नाला धक्क्यावरून बोटीत उतरताना पाहिलं होतं. ती दोन्ही हातांनी खांब धरून, आधी एक पाय, मग दुसरा, असं उतरली होती.

संध्याकाळी तिने मला न्हाणीघरात नेऊन सदरा वर केला. कमरेला तिच्या मेलेल्या भावाचा पट्टा होता, पाणबुडे लावतात तो, शिशाचे ठोकळे ओवलेला. खाली कातडी काळीनिळी झाली होती.

"अगं, पाण्यात पडलीस तर दगडासारखी तळाला जाशील."

"मग लवकर आटपेल." माझं तोंड पाहून तिने सदरा खाली ओढला. "नाही गं पडत. इतकी वर्षं त्या कोपऱ्यात बसतेय, कधी पडले?"

जुलै तसाच गेला. ती चहाचा थर्मास घेऊन बसायची, मागे बघायची, ओरडायची. उठायची मात्र नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी शेल्बीला ती उडी जमली. उलटी झाली, फिरली आणि फळीवरच उतरली. बोटीत नुसता आरडाओरडा. रॉइस भोंगा वाजवत सुटला. पोरगी मागच्या बाजूने चढली आणि ओलीचिंब तशीच आईच्या कमरेला मिठी मारून बसली.

मग तिचे हात थांबले.

"आई, हे काय आहे?"

"पाठीचा पट्टा. सोड, भिजवलंस मला."

शेल्बीने सदरा वर केला. खाली शिसं, वर बरगड्या. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. रॉइस चाकावरून वळून बघत राहिला. काय झालंय, कधीपासून, असलं काहीच त्याने विचारलं नाही.

"प्रॉपेलर नव्हता?" तो म्हणाला.

"नव्हता."

त्याने खाली बसून पट्ट्याचं बक्कल काढायला घेतलं. त्याला ते निघेना. तिनेच काढलं.

"पण लाट नीट येत होती ना?" वर्ना म्हणाली.

शेल्बी स्पर्धेला गेली नाही. रॉइसने वर्नासमोर खुर्ची टाकली. दिवसभर बसायचा, तिने पाणी मागायच्या आत पाणी द्यायचा. शेवटी तीच म्हणाली, "ऊठ, पोरीला घेऊन जा तळ्यावर. मला बघायचंय." मग त्याने डाव्या कोपऱ्यासाठी पिशवी आणली.

मी वर्नाला धरून धक्क्यावर नेऊन खुर्चीत बसवलं. रॉइसने पंप लावला. पिशवी हळूहळू फुगत तिच्या जागेवर पसरली. पिशवी तळाशी बसते, माणूस वर बसतो. पिशवी चहा ओतायला वाकत नाही, मागे वळून बघत नाही; तिचं वजन जागचं हलत नाही.

बोट समोरून गेली. मागे लाट उठली, डावी-उजवी सारखी, सुरीने कापल्यासारखी.

"इतकी चांगली कधीच नव्हती," वर्ना म्हणाली.

"उजेडामुळे तसं वाटतं."

"खोटं बोलू नकोस." ती पुढे वाकली. "म्हणजे इतकी वर्षं पोर माझ्यामुळेच पडत होती."

मी तिच्या खुर्चीजवळ सरकले.

शेल्बीने उडी घेतलीच नाही. दोन लाटांच्या मधोमध उभी होती, डाव्या लाटेकडे एकदा बघितलं आणि दोरी सोडून दिली. सावकाश पाण्यात बसली. रॉइसने बोट वळवून तिच्याजवळ आणून थांबवली. ती चढली नाही, त्याने हाक मारली नाही.

एवढ्यात लाट धक्क्यापर्यंत पोचली. खालच्या खांबांवर आपटली, फळ्या हलल्या. वर्नाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आता तिला धरून बसावं लागायचं.