नॉक झालेल्याला भेटायला

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे मोबाइलवर गोळीबाराचा गेम पहिल्यांदा उघडला आणि त्यानं नाव विचारलं, तेव्हा मी फार विचार केला नाही. 'बी.ए. फर्स्ट क्लास' असं टाकून दिलं. बाकीची मंडळी 'डेथ', 'किलर', 'शैतान' अशी नावं घेऊन हिंडत होती. मला मात्र जे कष्टानं मिळालं होतं तेच लिहावंसं वाटलं.

याचे परिणाम नंतर कळले. या गेममध्ये कुणी कुणाला मारलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर तशी ओळ येते. मी रोज सात-आठ वेळा मरत असे. म्हणजे रोज सात-आठ वेळा कुठल्या तरी 'पागल शूटर'नं बी.ए. फर्स्ट क्लासला ठार केल्याची बातमी शंभर लोकांपर्यंत जायची. समोरचे माइक चालू करून हिंदीत म्हणायचे, "अरे, ग्रॅज्युएट निपट गया! एम.ए. को भेजो." नाव बदलायची सोय होती, पण मी बदललं नाही. मार्कशीटवरचं नाव बदलल्यासारखं वाटलं असतं.

आमची चौघांची टोळी होती. चौघंही बारावीपर्यंत भंडाऱ्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो होतो. नंतर प्रत्येक जण वेगळीकडे लागला. मी मोहाडीत तहसीलीसमोरच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो आणि उरलेल्या वेळात तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो. दुसऱ्याचं बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचं नाव 'कमांडर साहेब', आणि तो वागायचाही तसाच. तिसरा भात गिरणीवर कामाला, म्हणून 'राइस मिल किलर'. चौथा गोसीखुर्दच्या धरणात मासेमारी करतो. त्याचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, आणि आता तो पवनीजवळच्या पुनर्वसन वस्तीत राहतो. त्याचं नाव 'डोंगावाला भूत'. डोंगा म्हणजे मासेमारीची लहान नाव. लग्नकार्य सोडलं तर आमची चौघांची भेट व्हायचीच नाही. रोज संध्याकाळी सात ते आठ तेवढा गेम. अर्धा वेळ गोळ्या चालायच्या आणि अर्धा वेळ गप्पा.

गेमची भाषा सगळ्या जगाची एकच असते असं मी ऐकलं होतं. नवशिका तो 'नूब', लपून बसणारा तो 'कॅम्पर', आणि अगदीच बावळट तो 'बॉट'. हे शब्द आम्हीही शिकलो, पण नकाशा काही आम्हाला इंग्रजीत बोलवेना. त्यातल्या लष्करी तळाला आम्ही 'तहसील' म्हणायचो, कारण तिथं गेलेला माणूस लवकर परत येत नसे. बंदराला 'बाजार'. डबक्याला 'बोडी'. "बोडीच्या पारीवर एक कॅम्पर बसून राहिला," असं भूत म्हणाला की बांधावरचा तो माणूस आम्हा तिघांना लगेच दिसायचा. एकदा आमच्यातला एक जण आला नाही, म्हणून गेमनं त्याच्या जागी नागपूरचा एक अनोळखी मुलगा आमच्यात घातला. त्यानं दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही गेम खेळून राहिले का शेत वाहून राहिले?"

पण आमचं खरं दुखणं वेगळंच होतं. या गेममध्ये गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. तो 'नॉक' होतो, म्हणजे गुडघ्यावर येतो आणि रांगत राहतो. तेवढ्यात सोबत्यानं जवळ येऊन उचललं की वाचतो. आता आमच्याकडची रीत अशी, की गावात कुणी सायकलवरून जरी पडला तरी संध्याकाळपर्यंत सगळा मोहल्ला त्याच्या अंगणात. सोबत बिस्किटाचा पुडा किंवा केळी. गेल्यावर विचारायचं, "कसा पडला? कोठी पडला? कोणत्या अंगावर पडला?" हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय भेटणं पूर्ण होत नाही. जो गेला नाही त्याची आठवण लोक वर्षानुवर्षं ठेवतात.

आमच्यातला एक नॉक झाला की बाकीचे तिघंही धावत त्याच्याकडे जायचो. ठरवून नाही, आपोआप.

"कसा पडला बे?"

"मागून मारलं ना, गड्या."

"कोणत्या झाडाच्या मागून?"

ही चौकशी चालू असताना कुणीतरी लांबून एक बॉम्ब फेकायचं आणि चौघंही एकाच जागी आटपायचो. समोरचा हसत म्हणायचा, "पूरा मोहल्ला एक साथ!" त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की ते अगदी खरं होतं.

कमांडरनं शेवटी आमची बैठक घेतली. बैठक म्हणजे फोनवरच. "पाहा, आपण सगळे भेटाले जातो म्हणून मरतो," तो म्हणाला. "आजपासून नियम. पडला त्याले सोडाचं. जो जगला तो पुढं जाईन."

भूत म्हणाला, "अन् मी पडलो तं?"

"तुले पहिले सोडाचं. तू लय वेळा पडतो."

सगळे हसलो. भूतसुद्धा हसला.

याच सुमाराला घरात प्रकरण पेटलं. एके दिवशी मी खोलीत खेळताना ओरडलो, "मेलो, मेलो! उचल मले!" माय चूल सोडून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिच्या मागून शेजारच्या काकूही आल्या. मी खाटेवर नीट बसलेला पाहून काकू म्हणाल्या, "बाप्पा! शिकलेला पोट्टा असा कायले बोंबलते?" ही गोष्ट संध्याकाळी बाबांपर्यंत पोचली. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी काय काय केलं ते मी इथं लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्यांना आवडणार नाही. ते जेवताना एवढंच म्हणाले, "फोनमधून काढून टाक ते."

मी म्हटलं, "बाबा, तो कबड्डीसारखाच खेळ हाये. चार जणांची टीम असते. पवनीत स्पर्धा हाये त्याची."

"कबड्डी?" बाबा थांबले. ते तरुणपणी कबड्डी खेळत. "मंग मी येतो पाहाले. पहिल्या तीनात आला तं राहू दे. नाही आला, तं तिथंच माह्यासमोर काढाचं."

मी हो म्हटलं. गेम गेला असता तर त्याचं एवढं काही नव्हतं. पण सात ते आठचा तो तास गेला असता, आणि भुताचा आवाज मग थेट कुणाच्या लग्नातच ऐकायला मिळाला असता.

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकला होता, त्यामुळे बाबांना सवड होती. स्पर्धेच्या दिवशी ते नवा पांढरा सदरा आणि खांद्यावर दुपट्टा घालून निघाले. पवनीच्या एका मंगल कार्यालयात वीस टीम आल्या होत्या. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच होत्या. त्यांच्या मागं मोठा पडदा लावला होता. खेळणारे खाली सतरंजीवर, हातात फोन आणि कानात इअरफोन. बाबा पहिल्या रांगेत, लग्नाला आल्यासारखे मांडीवर हात ठेवून बसले.

माइकवर सांगणारा मुलगा मोठा तयारीचा होता. पडद्यावर कधी याचा तर कधी त्याचा खेळ दाखवत होता. आणि नशीब असं, की सुरुवातीलाच मी एकाला टिपलं. माइकवरचा मुलगा ओरडला, "काय मारलंय! बी.ए. फर्स्ट क्लास!"

बाबा शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणाले, "माहा पोरगा हाये तो. अन् खराच फर्स्ट क्लास हाये." आयोजकांनी मानानं माझी पदवी जाहीर केली असं त्यांना वाटलं. हे मला त्यांच्या मागं बसलेल्या कमांडरच्या भावानं नंतर सांगितलं.

आम्ही नियम पाळून खेळलो. राइस मिल किलर पडला, त्याला सोडलं. टीम एकेक करून बाद होत गेल्या. शेवटी चार टीम उरल्या. पहिल्या तीनात यायला आता आणखी एकच टीम मरायला हवी होती. खेळायची जागा आकसत होती. तिला 'झोन' म्हणतात. झोनच्या बाहेर राहिलं की माणूस हळूहळू मरतो. कमांडर पुढं एका घरात शिरला होता. मी आणि भूत मागं होतो. तेवढ्यात भुताला गोळी लागली.

"पडलो बे," इअरफोनमधून त्याचा आवाज आला. तो माझ्यापासून वीस पावलांवर एका दाराच्या उंबऱ्यात गुडघ्यावर होता. "ये ना, बी.ए. जवळच हायेस तू."

कमांडर ओरडला, "सोड त्याले! झोन आकसून राहिला! चाल!"

मी पाहिलं. भूत रांगत माझ्याकडे येत होता. मी वळलो आणि पळालो.

पडद्यावर त्या वेळी माझाच खेळ चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही तिसरे आलो. चौथी टीम झोनच्या बाहेरच मेली आणि मग आम्ही दोघंही मेलो. पण तिसरे ते तिसरेच. टाळ्या झाल्या. चौघांना प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या प्रमाणपत्रावर ठळक अक्षरात 'बी.ए. फर्स्ट क्लास' असं छापलं होतं. भुतानं माझ्या पाठीवर थाप मारली, हसला, आणि मच्छी उतरवायची आहे म्हणून मोटारसायकलवर निघून गेला. मी प्रमाणपत्र घेऊन बाबांकडे गेलो.

बाबांनी ते पाहिलं, वाचलं आणि परत दिलं. बसस्टँडवर पोचल्यावर त्यांनी अर्धा डझन केळी घेतली.

"भूक लागली काय?" मी विचारलं.

"नाही. चाल."

"बाबा, भंडाऱ्याची बस तिकडे लागते."

"माहीत हाये मले. पहिले त्या पोराच्या घरी जाचं हाये. त्याले पाहाले."

"कोणत्या पोराले?"

"जो पडला होता त्याले."

मी स्टँडवर उभ्या उभ्या बाबांना समजावून सांगितलं, की तो खेळ आहे, त्याला काही झालेलं नाही, तो आत्ताच गाडीवरून गेला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खेळ हाये, मले समजते. मी अडाणी नाही. पण तो हाक मारून राहिला होता ना तुले?"

"हव."

"मोठ्या पडद्यावर सगळ्या लोकायनं पाहिलं. खाली नाव बी.ए. फर्स्ट क्लास, अन् वर पळून राहिला."

आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसलो.

पुनर्वसन वस्तीत सगळी घरं एका मापाची. भुताच्या अंगणात जाळं वाळत होतं. त्याची माय सूप घेऊन बाहेर आली. बाबांच्या हातात केळी पाहून तिचा चेहराच बदलला. केळी घेऊन माणूस कशाला येतो ते तिलाही ठाऊक होतं.

"काय झालं, भाऊजी? कोणाले काय झालं?"

"तुमच्या पोराले गोळी लागली होती, बाई," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हणून आलो."

सूप खाली पडलं. "गोळी!"

"गेममध्ये, काकू, गेममध्ये!" मी ओरडलो.

या गोंधळात भूत जेवणाच्या ताटावरून उठून बाहेर आला. त्यानं मला पाहिलं, बाबांना पाहिलं, केळी पाहिली, आणि त्याला सगळं एका क्षणात समजलं. तो हळूच अंगणातल्या खाटेवर आडवा झाला आणि बारीक आवाजात म्हणाला, "या काकाजी, बसा. आता बरं वाटून राहिलं."

बाबा खाटेच्या कडेवर बसले. केळी उशाशी ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "विचार."

मी घसा साफ केला. एवढी लाज मला तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती. "कसा पडला?"

"दारातून डोकं काढलं, तं समोरच्यानं टिपलं."

"कोठी पडला?"

"उंबऱ्यात."

"कोणत्या अंगावर?"

"गुडघ्यावर, गड्या. तुले माहीत हाये." त्यानं एक केळ सोललं. मग आभाळाकडे बघत साध्या आवाजात म्हणाला, "नियम मलेही माहीत होता. तरी मले वाटलं, तू येशीन."

मी म्हटलं, "चुकलं माहं."

"हव," तो म्हणाला आणि अर्धं केळ मला दिलं.

काकूंनी चहा केला. आम्हाला वाटेत खायला वाळलेल्या झिंग्यांची पुडी दिली. परतीच्या बसमध्ये मी हिंमत करून विचारलं, "गेम काढू काय मंग?"

"शब्द दिला होता. तिसरा आला, राहू दे," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण पडला त्याले उचलाचं. नाही तं कबड्डी म्हणू नोको त्याले."

कमांडरला हे सांगितलं तेव्हा तो फार चिडला. नियम मात्र मोडला तो मोडलाच. पुढच्या स्पर्धेत आम्ही अठरावे आलो. राइस मिल किलर पडला, आम्ही तिघं त्याला भेटायला गेलो, आणि एका बॉम्बमध्ये पुरा मोहल्ला गेला. सांगणाऱ्या मुलाला हसू आवरलं नाही.

आता मी संध्याकाळी खेळतो तेव्हा बाबा अंगणात बसलेले असतात. माझ्या खोलीतून "नॉक!" असा आवाज गेला, की चहाची बशी ओठाजवळच थांबते.

"कोण पडला?"

"भूत पडला, बाबा."

"उचलला काय?"

"जाऊन राहिलो."

मी "उचलला" म्हणेपर्यंत बाबा चहा पीत नाहीत. त्यामुळे मला धावावंच लागतं.