‘उघडून दाखवा’ म्हणणाऱ्या उषाताई

उषाताई देशमाने यांची आणि माझी पहिली भेट एका पेन ड्राइव्हमुळे झाली. मी तेव्हा सोलापुरात एका करसल्लागारांकडे संगणकावर काम करत होतो. आमच्या साहेबांनी कार्यालयाचे संगणक सांभाळायचे काम ताईंकडे सोपवायचे ठरवले होते आणि ताई पाहणीला आल्या होत्या. ‘आमचा बॅकअप एकदम चोख असतो,’ असे म्हणत साहेबांनी देवाच्या तसबिरीमागून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. ताई म्हणाल्या, ‘उघडून दाखवा की.’ साहेबांनी उघडला. आत त्यांच्या मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो निघाले. कार्यालयाचे एक पानही त्यात नव्हते. मला हसू आवरेना. ताई मात्र हसल्या नाहीत. ‘फोटो छान आलेत. आता कामाचं बघू,’ म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढे वर्षभरातच मी त्यांच्याकडे कामाला लागलो, तो आजतागायत आहे.

ताईंचे बालपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. डबा दुरुस्त झाला असे कोणी नुसते सांगितले तर ते ऐकूनच घेत नसत, चालवून दाखवायला लावत. ताईंनी तीच सवय आमच्या धंद्यात आणली. माहितीची प्रत घेतली, पडद्यावर हिरवी खूण आली की बहुतेकांचे समाधान होते. ताईंचे होत नाही. त्यांची माणसे दर महिन्याला प्रत्येक दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, चादरीच्या कारखान्यात जातात आणि मालकासमोर त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघतात. मालक वैतागतात. पाठीमागे ताईंना ‘उघडून दाखवा बाई’ म्हणतात. ताईंना हे नाव चांगले माहीत आहे, फक्त माहीत नसल्याचे त्या फार छान दाखवतात.

दुसऱ्याची माहिती सांभाळायची म्हणजे ती वाचायची नाही, हा त्यांचा दुसरा कटाक्ष. टॉवेलचे दोन व्यापारी आमचे ग्राहक आहेत आणि दोघांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही. त्यातल्या एकांनी चहा पाजता पाजता विषय काढला, ‘ताई, त्यांचा रेट काय चाललाय तेवढं सांगा की. तुमच्याकडं सगळं असतंय.’ ताई म्हणाल्या, ‘सांगते की. मग तुमचा बी त्यांना सांगू?’ गृहस्थांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. ते अजूनही आमचेच ग्राहक आहेत.

ताई रागावतात, हेही इथे लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख कोणा दुसऱ्याच बाईंवर आहे असे वाचकांना वाटेल. पण माझी आई सांगोल्याहून इथे दवाखान्यात दाखल झाली, तेव्हा याच ताई तिथे आल्या, माझ्या हातातला ऑफिसचा फोन काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, ‘हा आता माझ्याकडं. तू आईकडं बघ.’ आई घरी येईपर्यंत माझे सगळे फोन त्यांनी घेतले. कोणी ‘मोहन कुठे आहे?’ विचारले, तर ‘मोहनच्या जागी मी हाय, बोला,’ इतकेच सांगत. ते दिवस मी विसरलेलो नाही.

पण ताईंचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे चादरींची नक्षी बनवणारे आमचे जुने ग्राहक. त्यांची निम्मी नक्षी त्यांच्या पत्नीने, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू, काढलेली. अक्का गेल्या. त्यांच्या हातचे मूळ कागद वाळवीने आधीच खाल्ले होते. नक्षी राहिली होती ती फक्त संगणकात. अक्कांची पोपटांची किनार होती. त्यात कोपऱ्यातला एक पोपट चुकून मान मागे वळवून बसला होता. अण्णांनी तो सरळ करायला सांगितला, तर अक्का म्हणाल्या होत्या, ‘राहू दे. कोण मागं राहिलंय ते बघतोय तो.’

गणपतीच्या दिवसांत ताई अण्णांकडे नेहमीच्या तपासणीला गेल्या. एक प्रत संगणकाशेजारच्या डिस्कवर होती. क्लाउडवर ठेवायला अण्णांचा ठाम नकार, ‘आमची नक्षी ढगात न्हाय ठेवायची.’ म्हणून दुसरी प्रत जुळे सोलापूर या उपनगरात त्यांच्या बहिणीकडे. अण्णा म्हणाले, ‘ती मी स्वतः केलो, ताई. काळजी नको.’ ताई स्कूटर काढून बहिणीच्या घरी गेल्या आणि तिथेही म्हणाल्या, ‘उघडून दाखवा.’ डिस्कवर अण्णांनी फोल्डरऐवजी त्याचा नुसता शॉर्टकट ठेवला होता. दारावरची पाटी होती, घर नव्हतेच. ताईंनी अण्णांना फोनवर भरपूर सुनावले आणि त्याच दिवशी खरी प्रत करून ठेवली.

मग खंडेनवमी आली. अण्णांनी संगणकाला हार घातला. पूजेत अक्कांची नक्षी दिसावी म्हणून तो चालूच ठेवला, डिस्कही जोडलेली. आणि रीतीप्रमाणे यंत्रावर नारळ फोडला. सगळे पाणी आत गेले. संगणक आणि डिस्क, दोन्ही बंद पडले ते पडलेच.

आम्ही पोचलो तेव्हा अण्णा हार हातात घेऊन उभे होते. ‘ताई, मी काय केलो बघा. माझ्या हातानं केलो. अक्का गेली आता,’ एवढेच म्हणत होते. ताईंनी त्यांच्या हातातला हार काढून बाजूला ठेवला. बहिणीकडची डिस्क मागवली, स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि बाजूला सरकून म्हणाल्या, ‘अण्णा, तुमीच उघडा.’ अण्णांनी किनार उघडली आणि आधी कोपरा बघितला. पोपट मान वळवून बसला होता. अण्णा खुर्चीत बसले आणि मोठ्याने रडले. मीही रडलो. ताई चहा सांगायला म्हणून बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. तेव्हापासून दर खंडेनवमीच्या आधी त्या सगळ्या ग्राहकांना फोन करतात, ‘हळदीकुंकू लावा, हार घाला, नारळ तेवढा उंबऱ्यावर फोडा.’

ताईंच्या साठीच्या समारंभासाठी अण्णांनी एक चादर विणून घेतली आहे. समारंभापर्यंत त्यांना धीर निघाला नाही. गेल्या आठवड्यात कागदात बांधून ती ऑफिसात घेऊन आले. ‘ताई, शाल नको म्हणालात, म्हणून ही आणलो.’ ताई कामात होत्या. मान वर न करता, सवयीने बोलून गेल्या, ‘उघडून दाखवा.’

अण्णांनी चादर टेबलावर पसरली. ताईंनी मान वर केली, कोपरा हातात घेतला आणि वळलेल्या मानेच्या त्या पोपटावरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

ताई, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. या लेखाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. तुमच्या पंचाहत्तरीला विचारा, तिन्ही उघडून दाखवतो.