मधूचा जर्मन सेट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

पिंपरीच्या कंपनीत आम्ही चौघे जुन्या टीव्हींचे वेडे होतो. गुरुवारची सुट्टी भंगारवाल्यांकडे जायची. सगळ्यांत दर्दी मधू. त्याच्याकडे एक जुना, व्हॉल्व्हवाला रंगीत जर्मन सेट होता. मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनिअरने दिलेला. तसा दुसरा आम्ही कुठे पाहिला नव्हता. आपल्याकडे तेव्हा चित्रच काळं-पांढरं. म्हणून मधू तो क्वचितच लावायचा. रंगीत सुरू होऊ दे, म्हणायचा, अख्ख्या चाळीला दाखवतो.

तो सेट मला हवा होता — हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का? त्या इंजिनिअरच्या हाताखाली मी होतो, मधू नव्हे. तरी सेट त्याला मिळाला, त्याचा हात हलका म्हणून. माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्यात एक नियम होता — मालक समोर नसताना सेटची पाठ उघडायची नाही. एशियाडच्या साली रंगीत प्रक्षेपण सुरू व्हायला आठवडा असेल. मधू फर्स्ट शिफ्टला असताना मी त्याच्या घरी गेलो. घरचाच माणूस म्हणून वहिनींनी आत घेतलं. मी पाठ उघडली. फक्त बघायचं होतं... खरंच फक्त बघायचं होतं? पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या टोकावरचा सॉकेट मी तिरका ओढला. काच तडकली, बारीक फुस्स झालं. हवा आत शिरली की ट्यूब मेली, हे आम्हा चौघांनाही पाठ होतं. मी सॉकेट परत बसवला, स्क्रू पिळले आणि निघालो.

रंगीत सुरू झालं त्या दिवशी मधूच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सेटवर चित्र आलंच नाही. मधूने पाठ उघडली. ट्यूबच्या काचेतला चंदेरी डाग पांढराफटक पडला होता — हवा आत शिरल्याची खूण.

"माझ्याच हातानं गेली, राव," तो म्हणाला. "गुरुवारी पुसली, तवाच सॉकेट वढला गेला आसंल."

तेव्हा बोलता आलं असतं. आणि मी बोललो काय? "तुला किती वेळा सांगितलं, सारखा हात लावत जाऊ नकोस!" सगळ्यांसमोर.

नंतर मधूने एकाही सेटला हात लावला नाही. कंपनीतलं नाजूक जोडणीचं कामही स्वतःहून सोडलं. घरात साधा फ्यूज उडाला तरी मला बोलवायचा. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई," म्हणायचा. मरेपर्यंत बोलवत राहिला. आणि मी जायचो — दर वेळी.