ड्रेपरीवाल्या काकांनी न सांगितलेलं नाव

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आरशात. रिसोडच्या शाळेत मी सहावीला होते. आई-बाप मानोऱ्याकडच्या आमच्या तांड्यावरून दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, म्हणून मला वसतिगृहात ठेवलेलं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका वर्गाची रंगभूषेची खोली झाली होती आणि मी स्टुलावर बसले होते. आदल्या वर्षी गोऱ्या मुलींचीच पावडर माझ्या तोंडावर फासली होती. ती उजेडात राखेसारखी दिसली आणि पडदा उघडताच पुढच्या रांगा हसल्या. या वर्षी तर मला राक्षसीणच केलं होतं. एक बाई म्हणाल्या, "हिला काही लावू नका, हिचं काम देवानंच करून ठेवलंय." खोलीतले सगळे हसले. माझ्या मागे उभा असलेला, खिशात ब्रश खोचलेला माणूस हसला नाही.

तेच सुदामराव पडघान, म्हणजे सगळ्या तालुक्याचे ड्रेपरीवाले काका. नाटकांना, स्नेहसंमेलनांना, मिरवणुकीतल्या देखाव्यांना पोशाख भाड्याने देणं आणि चेहरे रंगवणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी तीन डब्यांतला रंग डाव्या तळहातावर कालवला, माझ्या मनगटावर लावून पाहिला, पुसला, पुन्हा कालवला. हे आता मला आणखी काळं करणार, या भीतीने मी डोळे मिटून घेतले.

"भेऊ नोको," ते म्हणाले. "तुह्या रंगाचा डबा बजारात भेटत नाई, म्हणून कालवा लागते."

त्या दिवशी मी राक्षसीणच झाले, पण चेहरा माझा होता. कोणी हसलं नाही.

दहावीनंतर मी त्यांच्या गावातल्या दुकानात शिकायला गेले आणि काम शिकले. आज वाशिममध्ये माझं ब्यूटी पार्लर आहे. नवरीच्या आया येतात आणि "दोन शेड वर घ्या" म्हणतात. मी आधी नवरीलाच विचारते. ही सवय काकांची. काका स्वतः बौद्ध वस्तीत वाढले. लहानपणी गावच्या नाटकात त्यांना रंगमंचावर जागा नव्हती, कनाती बांधायला मात्र बोलावत. कोणाला काय घालायला मिळतं आणि कोणाला मिळत नाही, याकडे त्यांचं लक्ष तेव्हापासूनचं. माझ्या आईकडून त्यांनी बंजारा फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, शिवून घेतली होती. एकदा एका शाळेचे सर ती मागायला आले. विनोदी नाटुकल्यात चोरट्या बाईला घालायची होती. काकांनी नाही म्हटल्यावर सर म्हणाले, "टीव्हीवर तं रोज करतेत, काका." काका म्हणाले, "टीव्हीवाल्यायनं माह्याकडून ड्रेस नेला नाई." सर रागावून गेले आणि ती शाळा कायमची तुटली.

पण ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहिते आहे, तो वेगळा आहे. त्यातली मुलगी आज दूर नोकरी करते. तिने हा मजकूर वाचला आणि कळवलं, "लिही ताई. नाव-गाव मात्र नको."

मी तेव्हा अजून काकांच्या दुकानातच होते. ती त्यांच्या ओळखीतल्या एका बौद्ध कुटुंबातली, बारावीला शिकणारी. तिला राजा व्हायचं होतं. मोबाइलवर सगळे रील करतात, तसं तिलाही करायचं होतं. काकांच्या दुकानात राजाचा एक पोशाख होता: जांभळा अंगरखा, मोत्यांची झालर लावलेला जिरेटोप, सगळं काकांनी हाताने शिवलेलं. काकांनी तिला दाढी-मिशा लावल्या, मी भुवया जाड केल्या. ती वस्तीच्या कमानीपाशी उभी राहिली, तलवार उपसली आणि स्वतः लिहिलेली चार वाक्यं बोलली. आवाज तिने असा घोगरा काढला की तिच्या आईनेही ओळखलं नसतं. दोन दिवसांत ते रील गावोगावच्या मोबाइलवर फिरू लागलं. मग कोणीतरी कमान ओळखली आणि त्याखाली लिहिलं, आमच्या राजाचा ड्रेस यायच्या अंगावर कसा?

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर चार मोटारसायकली थांबल्या. सात-आठ जण आत आले. त्यांचा पुढारी गजानन, शेजारच्या गावचा. एकाने शटर अर्धं खाली ओढलं. अचानक झालेल्या त्या अंधारात मी पोशाखांच्या रांगेमागे होते.

"ड्रेस तुमचाच हाय नं?" गजाननने मोबाइल समोर धरला.

"माहाच."

"हा पोरगा कोन?"

काकांनी हातातला टाका पुरा केला.

"काका, सीधं सांगा. नाव सांगा, आमी जातो. तुमच्याशी आमचं काई नाई."

"कायले पायजे नाव?"

"समजावून सांगाचं हाय त्याले." मागचा एक जण हसला. त्याच्या हातात बाटली होती आणि दुकानात पेट्रोलचा वास पसरला होता. चहूकडे कापड, जरी, नकली केस. एक काडी पुरली असती.

काका म्हणाले, "म्या शिवला, म्या घालून देल्ला, दाढी म्या लावली. जे समजवाचं ते मले समजवा."

"बुढ्या, लय शहाना होऊन राह्यला!"

गजाननने त्याला हाताने थोपवलं आणि काकांना रविवारपर्यंतची मुदत दिली. रविवारी ग्रामपंचायतीत बैठक होती. ते गेल्यावर काका खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं तर पेला त्यांच्या दातांवर वाजला.

"शारदा, लय भेव लागून राह्यलं पोरी," ते म्हणाले. "थे लोकं पोरगा शोधून राह्यले, हे बरं हाय. पोरगी हाय हे समजलं तं काय करतीन, सांगता येत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दुकानात आली. रात्रभर रडलेली. "सांगून टाकू का काका त्याईले? माह्यापायी तुमचं दुकान जाईन." काकांनी तिला फक्त विचारलं, "पेपर कवा हाय तुहा?" परीक्षेला बारा दिवस होते. परीक्षेपर्यंत तिला अकोल्याला मावशीकडे ठेवायचं ठरलं. काकांनी तिच्या वडिलांना घरीच थांबायला सांगितलं, कारण वस्तीवर नजर होती, आणि आम्ही तिघं जीपने जऊळक्याला निघालो. तिथून तिला रेल्वेत बसवायचं होतं.

त्या जीपमधली भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. मागच्या बाकावर ती मध्ये, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली. तिच्या शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइल काढला आणि तेच रील लावलं. तिचाच घोगरा आवाज जीपभर घुमला. तो समोरच्याला म्हणाला, "हा सापडला पायजे. हात तोडाले पायजे याचे." समोरचा म्हणाला, "अॅक्टिंग मस्त करते पन." मग त्याने सहज तिच्याकडे मोबाइल वळवला. "पाह्यलं का ताई तुमी?"

तिने नुसती नकाराची मान हलवली. बोलली असती तर आवाज ओळखू आला असता. काकांनी डोळे मिटून एकदम मोठ्याने खोकायला सुरुवात केली, इतका खोकला की ड्रायव्हरने जीप थांबवली आणि काकांना उतरवून पाणी पाजलं. माणसांचं लक्ष काकांकडे गेलं. जीप पुन्हा निघाली तेव्हा रील बंद होतं. जऊळक्याच्या फलाटावर गाडी येईपर्यंत आम्ही तिघं वेगवेगळ्या बाकांवर बसलो. ती डब्यात चढल्यावर काकांनी खिडकीतून एवढंच म्हटलं, "केमिस्ट्री पाहून घेजो."

रविवारच्या बैठकीला मी काकांसोबत गेले. वस्तीतले चार जण भिंतीला टेकून उभे होते, बाकी सगळी खोली गजाननच्या माणसांनी भरलेली. सरपंचांनी मार्ग काढला, "काका, नाव ऱ्हाऊ द्या. तुमी फक्त कबूल करा, की राजाचा ड्रेस वस्तीतल्या पोराईले देनार नाई. विषय संपला."

खोलीतल्या सगळ्यांना ती तोड रास्त वाटली, हे मला स्पष्ट दिसलं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की काकांनी हो म्हणावं. काका उठले. टेबलाला धरून उभे राहिले.

"मी भेलो हावो," ते म्हणाले. "तुमी पाहूनच राह्यले, माहे हात थरथरून राह्यले. पन हे कबूल होत नाई. वस्तीतल्याले नाई, तं मंग कोणालेच नाई. आजपासून राजाचा ड्रेस बंद."

लोकांना हा काकांचा पराभव वाटला, म्हणून त्यांनी हा निर्णय मान्य केला. आम्ही सुखरूप घरी आलो. त्याच आठवड्यात कोणीतरी दुकानामागच्या दोरीवर वाळत घातलेले पोशाख जाळले. राजाचा पोशाख वाचला, कारण तो कुलूप लावलेल्या पेटीत होता. काकांनी तक्रार दिली, तिचं पुढे काही झालं नाही. ते काही दिवस बहिणीकडे झोपायला जात, पण सकाळी दुकान उघडत.

पुढच्या हंगामात मुख्याध्यापकांचे फोन येऊ लागले. राजाशिवाय स्नेहसंमेलन कसं करायचं? काका सगळ्यांना एकच उत्तर देत, "द्याचा तं सगळ्यायले." एक दिवस गजानन आला. एकटाच, आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून. मोटारसायकलचा आवाज ऐकून मी आतल्या खोलीत गेले होते, तिथून दाराच्या फटीतून पाहिलं आणि ऐकलं.

"पोरीले राजा कराचं हाय शाळेत," तो म्हणाला. "तिले दुसरं काई नोको म्हनते."

काकांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. म्हणाले, "याच्याआधी हा कोणं घातला, याच्यानंतर कोन घालीन, हे विचाराचं नाई. जमते का?"

गजाननने खाली पाहिलं. मुलगी पेटीकडे पाहत होती. "जमते," तो म्हणाला.

त्याने माफी मागितली नाही. त्याने तो नियम मनापासून मानला की मुलीच्या हट्टापायी, मला माहीत नाही. काकांनी पेटी उघडली आणि अंगरख्याच्या बाह्या त्या मुलीच्या मापाने दुमडून टाके घालायला बसले. त्या दिवसापासून तो पोशाख सगळ्यांना मिळतो. बारावीतली ती मुलगी उत्तम गुणांनी पास झाली, हेही इथे नोंदवायला हवं.

काका आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, सुईत दोरा मी गेले की मी, नाहीतर त्यांची सून ओवून देते. दुकानासमोर अनोळखी गाडी थांबली की त्यांचा हात अजूनही क्षणभर थबकतो. माझाही थबकतो. अशा माणसांसाठी निर्भय आयुष्याची इच्छा करायची रीत आहे. पण काका भ्यायले होते आणि तरी उभे राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आम्हा सगळ्यांच्या वतीने मी एवढंच मागते: काकांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे साथ देवोत, शंभरीपर्यंत त्यांच्या हातून चेहरे रंगत राहोत. आणि त्यांनी भ्यावं असा दिवस या जिल्ह्यात कोणी त्यांच्यावर पुन्हा आणू नये.