डोक्यावरून कानापर्यंत

प्रशांतचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात एका गोऱ्ह्याच्या तोंडात होता. अकोटचा बैलबाजार ऐन भरात होता. विकणारा छातीवर हात मारून सांगत होता, "चार दाती हाय शेठ, उद्याच औताले जुंपा." मी जबडा फाकवून पाहत होतो आणि मला दुधाचे पालटलेले दोनच दात दिसत होते. डाव्या हातानं फोन कानाला लावला. भाचा म्हणाला, "मामा, आई गेली." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि त्या माणसावर असा ओरडलो की बाजूच्या दावणीतली बसलेली जनावरं उठून उभी राहिली. "दोन दाती हाय हा! खोटं वय सांगून कोवळ्याच्या मानेवर जू ठेवतं काय बे?" ते बोलणं त्याच्यासाठी नव्हतं.

आता प्रशांत म्हणतो, मामा, आईवर पेपरच्या पुरवणीसाठी दोन शब्द लिहा, चांगलं लिहा. मी बाजारात वाढलेला माणूस आहे. जनावर कितीही देखणं असो, आधी खोड सांगतो. ताईचंही तसंच सांगणार.

आमचे बाबा अकोटच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचे, माय तिथंच कापूस वेचून साफ करायला जायची. घरी ताई आणि मी. ताई दहा वर्षांची, चौथीत. मी चार वर्षांचा. माय कामावर गेली की मला सांभाळायचं कोणी? ताई मला काखेत मारून शाळेत न्यायची आणि बाकाखाली बसवायची. मी तिथं झोपायचो, रडायचो, एकदा वर्गातच शी केली. हेडमास्तरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, एक तर ह्याचं नाव टाक, नाही तर उद्यापासून दोघंही येऊ नका. नाव टाकायला सहा वर्षं पूर्ण लागायची, आणि आमच्यासारख्यांच्या घरी जन्माचा कागद कुठला? त्या काळी वय मोजायची एकच रीत होती. पोरानं हात डोक्यावरून न्यायचा आणि पलीकडचा कान धरायचा. कानाला हात लागला की पोरगं सहाचं झालं. चार वर्षांच्या लेकराचं डोकं मोठं असतं आणि हात आखूड. हे मी आज सांगतो आहे. ताईला तेव्हाच कळलं होतं.

आठ दिवस ती मला अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं करायची. हात वर धरून ओढायची, मी बोंब मारायचो. हात दोन बोटं कमीच पडायचा. मग तिनं युक्ती काढली. "मान अशी कर गौत्या, चिमणी पायते तशी. हळूच. मास्तरले समजलं नाई पायजे." मी मान कलवली, कान सापडला. ती इतकी हसली... तिचं ते हसू मला आजही आठवतं, आणि आजही राग येतो. हेडमास्तरांपुढे मी चिमणीसारखी मान केली, त्यांनी "सहा पूर्ण" म्हटलं आणि जूनमधली एक तारीख लिहिली. अर्ध्या वर्गाची तीच होती.

शरीराला कागद वाचता येत नाही. ते आपल्या वेळेनं दात पाडतं, आपल्या वेळेनं आवाज फोडतं. माझ्या वर्गातल्या पोरांचे पुढचे दात पडून नवे आले तेव्हा माझे दुधाचे घट्ट होते. आठवीत त्यांना मिसरूड फुटली आणि मला गॅदरिंगला पोरींच्या ओळीत उभं करून गायला लावलं. कबड्डीत वजनाचा म्हणून नव्हे, फेकायला सोपा म्हणून घ्यायचे. सगळे मला 'गिड्डू' म्हणायचे आणि मीही मानून घेतलं होतं की आपलं अंगच खुरटं. मार खायचो आणि दुप्पट चावायचो. हा जो माझा तापट स्वभाव सगळ्या बाजाराला माहीत आहे, तो त्या बाकांवर तयार झाला. मग पोलीसभरती आली. कागदावर अठरा, अंगात सोळा. अनवाणी उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली. "दोन बोटं कमी हाय लेका, घरी जाऊन दूध पी," असं कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मला दोघांनी उचलून फाटकाबाहेर ठेवलं. उचलायला दोघांची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात मी करीमचाचांच्या हाताखाली बैलबाजारात उभा राहिलो. दात कसे पाहायचे, खूर कसे पाहायचे, विकणाऱ्याच्या डोळ्यांत कधी पाहायचं आणि कधी मुद्दाम पाहायचं नाही, हे सगळं चाचांनी शिकवलं. तिथं मी उंच होऊ लागलो. दोन वर्षांत वीतभर. विजारी घोट्याच्या वर गेल्या, आवाज घोगरा झाला. एक दिवस चहा पिता पिता चाचांनी माझ्याकडे जनावराकडे पाहावं तसं पाहिलं. "क्यूं रे गौतम, कितने का है तू?" मी म्हटलं, वीस पूर्ण. ते हसले. "झूठ. तू अजून जुळला नाईस. मी चाळीस साल तोंडं पाहून राहिलो." बैलाचे सगळे दात आले की त्याला जुळला म्हणतात. मी घरी येऊन मायला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "अठराचाच हायेस. ताईनं वाढवून लिवलं तुले. तिची शाळा सुटत होती ना बाप्पा."

भरतीचं वय अजून बाकी होतं. उंचीही आता पुरत होती. मी गेलो नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बाजार हातात आला होता हे खरं, पण गेलो असतो आणि लागलो असतो तर ताईवर रागवायला काही उरलं नसतं, हेही खरं.

ताई शिकली. सरकारी नर्स झाली, अमरावतीला घर केलं. आयुष्यभर तिनं लेकरं झोळीत घालून काट्याला टांगली आणि त्यांची वजनं कार्डावर टिंबाटिंबानं मांडली. महिना चुकला तर आयांना रागवायची. "नेमकं सांग व माय, कोणत्या महिन्यातलं हाय? एका महिन्यानं फरक पडते!" मी एकदा तिच्या केंद्रात उभा राहून हे ऐकलं आणि सगळ्या बायांसमोर विचारलं, "अन् दोन वर्षानं किती फरक पडते, ताई?" तिनं कार्डावरून मान वर केली नाही. मी भेटायला जायचो तेव्हा दर वेळी हे काढायचो. एस.टी.चं अर्धं तिकीट मला दोन वर्षं आधीच मिळालं, तर ती म्हणते, "पाय, फायदाच झाला ना?" मी जेवणाचं ताट सरकवून उठलो. मला तिच्याकडून एकच शब्द हवा होता. चुकलं. बाजारात मी भल्याभल्यांना नमवलं. ही बाई एका शब्दावर पन्नास वर्षं अडून बसली. तेव्हा ती दहा वर्षांची होती, हे मला सगळे सांगतात. मी चार वर्षांचा होतो, हे कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी तिला लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. माझी धिप्पाड ताई उशीएवढी झाली. मी शेवटचा गेलो तेव्हा व्यायाम करून घेणारी एक पोरगी आली होती. तिनं ताईला आरशासमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आजी, हात डोक्यावरून न्या आणि पलीकडचा कान धरा." मी पेपर खाली ठेवला. ताईचा उजवा हात कसाबसा कपाळापर्यंत गेला, टाळूवर अडकला. मग तिची मान हळूच कलली... चिमणी पाहते तशी. बोट कानाला लागलं. पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मी म्हणालो, "लबाडी करून राहिली ते. मान सरळ ठेवाले सांग."

पोरीला वाटलं, भाऊ थट्टा करतो आहे. ताई आरशातून माझ्याकडे पाहत होती. वाकड्या ओठांनी एकेक शब्द काढत म्हणाली, "तुलेबी... पुरत नव्हता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते तोंडानं काढलं. मी खुर्ची पुढे ओढली. "मंग चुकलं म्हण ना."

तिनं विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. मग म्हणाली, "नाई. माही शाळा... सुटली असती."

आलेला चहा तसाच ठेवून मी अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी परत आलो. पुन्हा गेलो नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी त्या गोऱ्ह्याच्या तोंडात हात असताना फोन आला.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. एक बाई उभी राहिली, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "माझं लग्न ठरलं तेव्हा कागदावर मी अठराची होती. नर्सताईनं माझं मनगट हातात घेतलं, दात पाहिले अन् बापाले म्हणाल्या, ही चौदाची हाय, हात लावला तर पाहून घेईन." सगळे डोळे पुसत होते. मी पहिल्या रांगेत दात आवळून बसलो होतो. म्हणजे कागदानं अंगावर काय होतं ते तिला पुरतं कळत होतं. तरीही ती मला 'नाई' म्हणाली. मी सौदा हरलो, हे मला त्या मंडपात कळलं.

माणसं पांगल्यावर तिच्या खोलीत गेलो. पलंग उभा करून ठेवला होता. खुर्ची आणि समोरचा आरसा मात्र तिथंच. मी बसलो. मान ताठ ठेवून हात डोक्यावरून नेला. खांद्यात कळ आली. कागदावरच्या सदुसष्ट वर्षांनी आखडला की खऱ्या पासष्टांनी, खांद्यालाच ठाऊक. हात कानाच्या वर अडला. दोन बोटं कमी. आरशात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी मान थोडी कलवली... अजून थोडी. कान हाताला लागला.

दारातून प्रशांतनं विचारलं, "मामा, हा आरसा काढून ठेवू का?"

"राहू दे," मी म्हणालो. हात अजून खाली घेतला नव्हता.