आतला भाग, बाहेरचा भाग

माफ करा. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं. पण ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तशी.

सोलापुरात एमएस्सीला असताना आमचं काम उंदरांच्या मूत्रपिंडावर चालायचं. तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशींत सोडियम खेचणारा एक पंप असतो. त्याला चिकटून छोटी प्रथिनं असतात — एक त्याला आवरतं, दुसरं जोर देतं. जोर देणारं प्रथिन मूत्रपिंडाच्या आतल्या भागात असतं, असं पुस्तकं सांगतात. तेच तपासणं हा शबानाआपाच्या पीएचडीचा विषय. आपा माझी सीनियर. पिपेट धरायला मला तिनंच शिकवलं. दुपारी डबा पुढे सरकवून म्हणायची, "खा रे वैरागकर, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!"

एकदा तिनं दोन ट्यूब तपासायला माझ्याकडे सोपवल्या. एकीत आतला भाग वाटून ठेवलेला, दुसरीत बाहेरचा. टेबल पुसताना माझ्या हातून स्पिरिट सांडलं — आणि ट्यूबवरची मार्करची अक्षरं गेली. कुठली कुठली? दोन्हींत सारखंच गढूळ पाणी. तेव्हाच हाक मारायला हवी होती, नाही का?

मी अंदाजानं पुन्हा अक्षरं लिहिली.

तपासणीत उलटंच आलं — आतलं प्रथिन बाहेरच्या भागात. अंदाज चुकलाय, हे मला तिथंच कळलं. पण आमचे गाईड सर हरखले. "पुस्तकाच्या पुढचं सापडलं की रे!" म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आणि मी — मी हसलो.

मग आपानं तोच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा. पुन्हा. तिचं उत्तर पुस्तकासारखं यायचं, म्हणजे बरोबर यायचं. सर म्हणायचे, "तुझा हातच बसत नाही, शबाना. ह्याच्याकडून शीक."

एक दिवस ती खरंच माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली. "दाखव की गुरुजी, काय वेगळं करता तुम्ही? फी घ्या हवं तर."

मी दाखवलं. सगळं दाखवलं — तेवढी अक्षरं पुसली गेल्याचं सोडून.

बोलता आलं नसतं का? आलं असतं. शिष्यवृत्ती जाईल, घरचे काय म्हणतील — अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. तुम्हाला देत नाही. पाठीवरची ती थाप मला परत करायची नव्हती, एवढंच खरं.

गेल्या आठवड्यात बार्शीहून मित्राचा फोन आला. आपानं पीएचडी सोडली. तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. एवढी वर्षं घालवून का सोडलं, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत होतं."