कुणाकडं निघालाव?

मुखेड-लातूर गाडीवरच्या कंडक्टर बाई तिकीट देताना प्रत्येकाला विचारतात, "कुणाकडं निघालाव?" नुसतं गावाचं नाव त्यांना पुरत नाही. मी रोज चाकूरच्या शाळेवर शिकवायला जातो, तरी मलाही सूट नाही. पूर्वी याचा मला राग यायचा.

पोरी फसवून नेणाऱ्यांना ओळखा आणि लगेच कळवा, असा सरकारी कागद डेपोत लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "लई चांगलं झालं. पर इचारल्याबिगर वळखू कसं येतंय?"

एकदा एक माणूस पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन चढला. "मी मामा हाव हिचा," म्हणाला.

"मग तुमच्या बहिणीचं नाव सांगा की."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाईंनी घंटी मारली आणि गाडी सरळ पोलीस ठाण्यात नेली. उशीर झाला, पण कुणी कुरकुरलं नाही.

आता ती मुलगी आमच्याच गाडीनं कॉलेजला जाते. काल बाई मागं तिकिटं देत होत्या. मी बसलो तशी पुढच्या बाकावरून तीच वळून म्हणाली, "सर, कुणाकडं निघालाव?"

मी मुकाट्यानं सगळं सांगितलं, वर्गातल्या पोरांच्या नावांसकट.